रेषांची झाडलोट

दिवाळीच्या फराळाचा वास सुटण्याआधी प्रत्येक घरात जे एक महाप्रकरण उद्भवते, त्याला आपण झाडलोट असे साधेसुधे नाव दिले आहे. माळ्यावरचे डबे खाली येतात, प्रत्येक डब्याला 'तू कोण?' असे विचारले जाते, आणि ज्याच्यावर चिठ्ठी नसेल त्याचे झाकण उघडून वास घ्यावा लागतो. गिरगावातल्या आमच्या दोन खोल्यांत या कामाला तीन दिवस पुरत नाहीत. यंदा ऐन झाडलोटीत माझा भाचा आला, पाय ठेवायला जागा शोधीत दारातच उभा राहिला आणि म्हणाला, "मामा, आमच्या ऑफिसात हेच काम बारा महिने चालतं. डब्यांच्या जागी रेषा, एवढाच फरक."

भाचेबुवा दादरला एका आर्किटेक्टकडे ड्राफ्ट्समन आहेत. ड्राफ्ट्समन म्हटले की माझ्या डोळ्यांसमोर अजून उतरत्या टेबलावर वाकलेला, कानावर पेन्सिल ठेवलेला, टी-स्क्वेअर सरकवणारा मनुष्य येतो. चुकलेली रेषा तो ट्रेसिंग पेपरवरून दाढीच्या ब्लेडने अलगद खरडून काढी. हात जड झाला तर रेषेबरोबर कागदही जाई. भिंतींचा एक कागद, त्यावर नळांचा दुसरा, ड्रेनेजचा तिसरा, असे पारदर्शक कागद एकावर एक ठेवून तो ताडून पाही. आता ते टेबल गेले. पण कागदांची ती चळत संगणकात जाऊन बसली आहे. तिच्यातल्या एकेका कागदाला लेअर म्हणतात, आपण थर म्हणू. भिंती एका थरावर, दारे-खिडक्या दुसऱ्यावर, मोजमापांचे आकडे तिसऱ्यावर. हवा तो थर दाखवावा, नको तो झाकावा.

व्यवस्था उत्तम आहे, आणि उत्तम व्यवस्थेचे जे होते तेच तिचेही होते. एकाच इमारतीचा नकाशा आधी मोजणी करणाऱ्याकडून येतो, मग लोखंड-काँक्रीटचा हिशेब करणाऱ्या इंजिनिअरकडे जातो, मग नळ-ड्रेनेजवाल्याकडे. जो तो आपापली नावे ठेवतो. भिंतीच्या थराला कोणी 'वॉल' म्हणतो, कोणी 'वॉल नवीन', कोणी 'वॉल नवीन शेवटची'. आणि ज्याला कशाचेच सोयरसुतक नाही तो सगळे 'शून्य' नावाच्या थरावर टाकून घरी जातो. (हा शून्य थर कितीही झाडले तरी पुसता येत नाही. त्या सबंध कारभारात वेदान्त काय तो एवढाच, असे भाच्याचे मत.) त्यात एका रेषेवर दुसरी रेषा नेमकी बसलेली असते, छापल्यावर दोन्ही मिळून एकच दिसते. एखाद्या खोलीचा चौथा कोपरा केसभर उघडा राहिलेला असतो. आपल्या डोळ्यांना ते उघडे तोंड दिसत नाही. तपासणाऱ्या यंत्राला मात्र ती खोलीच दिसत नाही, कारण ज्या आकृतीचे तोंड मिटलेले नाही तिला ते खोली मानीत नाही.

हे निस्तरायला मूळ प्रणालीतच काही झाडू ठेवलेले आहेत. 'पर्ज' म्हटले की रिकामे थर आणि न वापरलेले सामान निघून जाते, 'ऑडिट' फायलीतले बिघाड शोधते, 'ओव्हरकिल' रेषेवर चढून बसलेली रेषा उचलते. पण प्रत्येक ऑफिसातला पसारा निराळा, तेव्हा झाडूही निराळे हवेत. ऑटोकॅड ही प्रणाली १९८२ साली अमेरिकेत बाजारात आली, आणि १९८६ च्या सुमारास तिच्या कर्त्यांनी एक शहाणपणा केला. तिच्या पोटात त्यांनी ऑटोलिस्प नावाची एक छोटी भाषा ठेवली. म्हणजे ज्याला जो आदेश हवा तो त्याने स्वतःच तयार करावा. जिची ही धाकटी पाती, ती लिस्प भाषा जॉन मॅकार्थी या शास्त्रज्ञाने १९५८ मध्ये योजिली होती. तेव्हापासून जगभरच्या ड्राफ्ट्समन मंडळींनी असे असंख्य जोड-आदेश लिहिले, एकमेकांना दिले-घेतले, आणि आपल्या बायका जसा चकलीच्या भाजणीत आपला एखादा जिन्नस वाढवतात तसे त्यांत फेरफार केले.

"भाषा आहे तरी कशी?" मी विचारले.

"मामा, नुसते कंसच कंस."

मामाच्या तोंडावर कंसाचे नाव घेणारा भाचा पूर्वी एकच होऊन गेला, तेव्हा मी जरा सावध झालो. पण त्याने पडद्यावर दाखवले ते खरेच होते. वाक्य उघडावयाचे तर कंस, मिटावयाचे तर कंस. एक जरी मिटायचा राहिला तरी सारा आदेश अडून बसतो. नावाच्या आधी 'सी' हे अक्षर आणि विसर्गासारखी दोन टिंबे घातली, की पुढे ते नाव टाइप करताच काम सुरू होते. स्वस्तातल्या 'एलटी' आवृत्तीत ही सोय नव्हती. ती २०२४ च्या आवृत्तीपासून आली, म्हणजे लहान कचेऱ्यांना फारच उशिरा मिळाली.

भाच्याने आपला एक आदेश चालवून दाखवला. दोन अक्षरे टाइप केली मात्र, नकाशातल्या प्रत्येक मिटलेल्या खोलीत तिचे क्षेत्रफळ आधी चौरस मीटरमध्ये आणि खाली चौरस फुटांत उमटले. ज्या आकृत्यांचे तोंड उघडे होते त्या लाल झाल्या. हाताने करायचे तर दोन दिवसांचे काम. माझा चहा निवायच्या आत झाले. मी 'वा' म्हणालो, तर तो म्हणाला, "वा म्हणू नका. हा झाडू आंधळा असतो." ओव्हरकिलला किती जवळच्या रेषा एक समजाव्यात ते सांगावे लागते. तो आकडा सैल ठेवला, तर दोन निराळ्या पण शेजारच्या रेषांनाही ते जुळ्या समजते आणि एकीला उचलून टाकते. गेलेल्या रेषेची कोणी चौकशी करीत नाही. नकाशा उलट अधिक स्वच्छ दिसतो.

आता एवढी स्वच्छता कोणासाठी, असे वाचक विचारतील. मुंबई महानगरपालिकेने गेल्या दशकात इमारतींचे नकाशे संगणकाकडून तपासून घेण्याची पद्धत आणली, आणि त्यासाठी पुण्याच्या सॉफ्टटेक इंजिनिअर्स या कंपनीची 'ऑटोडीसीआर' ही प्रणाली घेतली. नावातले डीसीआर म्हणजे विकास नियंत्रण नियमावली. नकाशा तिच्या शिस्तीत बसवून देण्यासाठी 'प्रीडीसीआर' नावाचे जोड-आदेशांचे एक गाठोडेच असते. भूखंडाची सीमा, मजला, खोली, जिना, गाड्यांची जागा, जे ते ठरलेल्या थरावर, मिटलेल्या आकृतीत, आत नाव लिहून. मग यंत्र मोकळ्या जागा मोजते, चटई क्षेत्र निर्देशांक काढते आणि नियमाशी ताडून पाहते. पूर्वी हेच काम स्केलपट्टी आणि पेन्सिल घेऊन माणसे करीत. नवे बांधकाम लाल, पाडावयाचे पिवळ्या रेघांनी, हा संकेत तेव्हाचा. आपण जन्मलो त्या खोलीवर पिवळ्या रेघा पाहताना काय वाटते, हे ज्या चाळकऱ्याने पाहिले आहे त्यालाच विचारावे.

गिरगाव, लालबाग, परळ, दादर या भागांत अशा रेघा आता गल्लोगल्ली पडत आहेत. वरळीच्या बी.डी.डी. चाळींत हिशेब निदान सरळ होता. तिथे प्रत्येकाची खोली १६० चौरस फुटांची आणि प्रत्येकाला नवे घर ५०० चौरस फुटांचे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये पहिल्या ५५६ कुटुंबांना किल्ल्याही मिळाल्या. पण खाजगी मालकांच्या ज्या उपकरप्राप्त चाळी आहेत, त्यांत खोलीगणिक आकडा वेगळा. नियमावलीच्या ३३(७) कलमाखाली जुन्या भाडेकरूला निदान ३०० चौरस फुटांची चटई मिळावयाची. त्याची जुनी जागा त्याहून मोठी असेल तर, एका मर्यादेपर्यंत, तेवढी. कोणाकडे किती जागा आहे त्याची यादी म्हाडाचे दुरुस्ती मंडळ प्रमाणित करते. म्हणजे ३०० च्या वर ज्याची खोली, त्याच्या बाबतीत एकेक फूट बोलतो.

भाच्याच्या ऑफिसात लालबागच्या अशाच एका चाळीचा नकाशा आला. तो मूळ दुसऱ्याच कोणी तयार केला होता. काम जलद व्हावे म्हणून त्या कोणीतरी एक जोड-आदेश लावला होता: जिथे 'बाथ' हा शब्द लिहिलेला असेल, त्याभोवतीची आकृती सार्वजनिक जागेच्या थरावर टाकावी. आदेश अगदीच मूर्खपणाचा नव्हता. त्या चाळीत न्हाणीघरे गॅलरीच्या टोकाला, सगळ्यांची मिळून. फक्त दुसऱ्या मजल्यावरच्या कोपऱ्यात, सत्तावीस नंबरच्या दोन खणांत, मोरी आतच होती. तीन फूट बाय चार फूट. ती निमूटपणे सार्वजनिक थरावर गेली, आणि त्या खोलीचे ३४२ चौरस फूट ३३० झाले.

"मग बेरीज चुकली असेल," मी म्हणालो.

"तिथंच तर गंमत आहे. बेरीज तंतोतंत. मजल्याचं क्षेत्रफळ तेच, इमारतीचं तेच. बारा फूट इकडचे तिकडे गेले, कमी कुठे झाले? यंत्र कशाला हरकत घेईल?"

सापडले ते अशामुळे, की भाच्याचा तो आदेश खोलीवार यादीही छापतो, आणि ती यादी मोजणीच्या मूळ वहीशी एकेक ओळ ताडून पाहण्याची त्याला खोड आहे. ऑफिसात त्याला यावरून 'तलाठी' म्हणतात.

खात्री करायला तो लालबागला गेला. सत्तावीस नंबरात एक आजी असतात. याने अजून तोंडही उघडले नव्हते, तो त्यांनीच विचारले, "मोरी धरलीत ना रे बाबांनो?" याने विचारले, "आजी, तुम्हांला कोणी काही सांगितलं का?" त्या म्हणाल्या, "सांगायला कशाला हवं? घेणाऱ्याची नजर पहिल्यांदा मोरीवरच जाते." धाकटा मुलगा मॅट्रिकला असताना रात्री त्या मोरीत पाट टाकून अभ्यास करी, कारण बाहेर दिवा लावला तर बाकीच्यांची झोपमोड होई. बारा चौरस फूट म्हणजे सहा फूट बाय दोन. चाळीत राहिलेल्या माणसाला हे माप मुद्दाम समजावून द्यावे लागत नाही. एक पाहुणा अंग टाकू शकतो एवढी ती जागा.

असे काही झाले की हल्ली एक उत्तर तयार असते: 'कम्प्यूटरने तसे दाखवले.' मला हे उत्तर मान्य नाही. संगणकाने काही दाखवले नाही. त्याला जे सांगितले गेले तेवढे त्याने ऐकले. त्याला रेषा कळते, मोरी कळत नाही. ही मोरी कोणाची, हे त्याला कोणीतरी एका थराचे नाव देऊन कळवलेले असते, आणि ते कळवणे भाच्यासारख्या पगारी माणसाच्या हातात, संध्याकाळी साडेसातला, लोकल चुकत असताना असते. जोड-आदेशांवर माझा राग नाही. दोन दिवसांचे काम चहा निवायच्या आत होते, म्हणून तर वही ताडायला वेळ उरतो. तो वेळ वहीसाठी वापरावयाचा की आणखी एक नकाशा हातावेगळा करावयाचा, एवढाच प्रश्न आहे. आणि त्याचे उत्तर कोणत्याही कंसात लिहिलेले नसते. ज्यांच्या चाळीचे काम निघाले आहे त्यांनी बैठकीत इमारतीचे रंगीत चित्र पाहून हरखून जाण्याआधी खोलीवार यादी मागावी, आणि ती कोणत्या मोजणीवरून काढली तेही विचारावे. रंगीत चित्रातल्या कारंज्याला कोणाच्याच नावाचा थर नसतो.

लालबागची यादी दुरुस्त होऊन चाळीच्या फलकावर लागली आहे, दिवाळी पहाटेच्या कार्यक्रमपत्रिकेशेजारी. ती मराठीत छापताना भाच्याची बरीच दमछाक झाली. ऑटोकॅडच्या जुन्या वळणाच्या अक्षरांत देवनागरी बसेना आणि वेलांट्या भलतीकडेच जाऊन पडू लागल्या. पहिल्या मजल्यावरच्या एका निवृत्त शिक्षकांनी लाल शाईने अकरा ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ सुधारले आहेत. सत्तावीस नंबरासमोर ३४२ आहे. तिसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ मात्र घरातली शिवणकामाची टेप घेऊन आले असून, आपला अर्धा फूट कुठे गेला यावर त्यांचा आणि भाच्याचा वाद अजून चालू आहे.