सिरोसिसमध्ये डाळ नव्हे, मीठ कमी करा



लिव्हर सिरोसिसच्या रुग्णाने डाळ, दूध, अंडी सोडून पेजेवर राहावे, हा मागील अंकातील पत्रलेखकांचा सल्ला वाचून काळजी वाटली. प्रथिनांनी भ्रम होतो म्हणून पूर्वी डॉक्टरही असेच सांगत. आता तो सल्ला मागे पडला आहे. या रुग्णांचे स्नायू झपाट्याने झिजतात, आणि यकृत थकल्यावर रक्तातला अमोनिया हटवायला स्नायूंचाच आधार असतो. वजनाच्या दर किलोमागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने हवीत. उपास तर नकोच. त्यांच्या यकृतात साखरेचा साठा इतका कमी असतो की एका रात्रीत निरोगी माणसाच्या दोन-तीन दिवसांच्या उपासाइतकी झीज होते. झोपण्यापूर्वी थोडे खायला द्यावेच.

पोटात पाणी झाले असेल तर कमी करायचे ते मीठ: पापड, लोणचे, फरसाण. सैंधवही मीठच. ‘लो सोडियम’ मिठात बहुधा पोटॅशियम असते. स्पायरोनोलॅक्टोन ही पोटातले पाणी उतरवणारी गोळी चालू असताना ते धोक्याचे.

‘बीपी नॉर्मल, मग गोळी कशाला?’ हा त्या पत्रलेखकांचा प्रश्न मला सर्वांत घातक वाटतो. प्रोप्रॅनोलॉल किंवा कार्व्हेडिलॉल इथे पोर्टल शिरेतला दाब उतरवून अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा फुटू नयेत म्हणून असते. बीपी फार उतरले तर डॉक्टरांना विचारावे, परस्पर गोळी बंद करू नये. रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी शौच झाली, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

– एक निवृत्त फिजिशियन, सांगली