सांध्याचा रंग कोणी ठरवायचा?

'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' असे आपल्याकडे म्हणतात. या दोन्ही कार्यांत माणसाचे लक्ष मोठ्या खर्चाकडे असते आणि पुढे वर्षानुवर्षे जाच होतो तो मात्र बारीकसारीक गोष्टींचा. लग्नाविषयी लिहिण्याचा मला अधिकार नाही. घराविषयी थोडे लिहितो. कारण माझे वडील फरशीकाम करतात आणि सुट्टीत मी त्यांच्या हाताखाली असतो. विषय अगदी लहान आहे. दोन टाइल्समध्ये जी दोन-तीन मिलिमीटरची दरज राहते, तिच्यात कोणत्या रंगाचा ग्राउट भरावा आणि शेजारच्या भिंतीला कोणता रंग द्यावा, एवढाच. माझे स्पष्ट मत असे आहे की हा प्रश्न सौंदर्यदृष्टीचा कमी आणि श्रमाचा अधिक आहे. आणि म्हणून तो चुकीच्या माणसांकडून सोडवला जातो.

आधी साधा हिशेब पाहू. ओट्यामागची भिंत २४० सेंटिमीटर लांब आणि ६० सेंटिमीटर उंच आहे असे धरा. तिला १० सेंटिमीटरच्या चौरस टाइल्स लावल्या तर १४४ टाइल्स बसतात आणि त्यांच्यामधल्या दरजांची एकूण लांबी जवळजवळ २६ मीटर भरते. तीच भिंत ३० बाय ६० सेंटिमीटरच्या उभ्या टाइल्सनी झाकली तर टाइल्स लागतात आठ आणि दरजा होतात ४.२ मीटर. टाइल चकचकीत असते. तिच्यावरचे तेल एका फडक्याने निघते. दरजेतला सिमेंटचा ग्राउट मात्र सच्छिद्र असतो. तो पाणी पितो, तेल पितो आणि आपल्या स्वयंपाकघरात हळदही पितो. हळदीचा चुन्यासारख्या अल्कधर्मी पदार्थाशी संबंध आला की ती लाल होते; हळदीचे कुंकू करतात ते याच गुणावर. पांढऱ्या दरजेवर पडलेला फोडणीचा शिंतोडा साबणाने घासला की डाग आधी लालसर होतो. घासणारी घाबरते आणि आणखी जोराने घासते. २६ मीटर!

असे असूनही बहुतेक घरांत पांढराच ग्राउट भरला जातो. याचे कारण निवडीच्या पद्धतीत आहे. टाइल्स पाहायला दुकानात जातात घरातला कर्ता पुरुष, शिकलेला मुलगा आणि एखादा जाणकार म्हणवणारा नातेवाईक. आई बरोबर गेलीच तर देवघरामागच्या टाइलवर कोणते चित्र हवे, एवढे तिला विचारतात. ग्राउटचा प्रश्न तर अगदी शेवटी निघतो. टाइल्स बसून झालेल्या असतात, मिस्त्री विचारतो, "जॉइंटला कोणता कलर आणू?" आणि फोनवरून उत्तर येते, "पांढराच आणा." ज्या बाईला याचे खरे उत्तर ठाऊक असते, ती त्या वेळी आम्हा कामकऱ्यांसाठी चहा टाकत असते.

आपल्या जुन्या घरांत असे होत नव्हते. जमीन सारवणारी बाईच सारवणाचा रंग ठरवीत असे. कितीतरी घरांत भिंत चुन्याने पांढरी करीत आणि तिच्या पायाशी वीतभर उंचीचा गेरूचा पट्टा ओढीत. तो पट्टा नुसती शोभा नव्हती. सारवताना उडालेले शिंतोडे आणि पावसाळी पायांचा चिखल तेथेच बसणार, हे ओळखून तेथे तांबडा रंग दिलेला असे. मळ कोठे बसणार हे आधी पाहायचे आणि मग रंग ठरवायचा, असे हे शास्त्र होते. ते कोणत्याही पुस्तकात नव्हते. रोज हात चालवणाऱ्यांच्या अनुभवात होते.

तेच शास्त्र आजच्या टाइल्सना लावून पाहावे. जमिनीच्या दरजेचा रंग आपल्या गावच्या धुळीच्या जवळचा असावा. काळ्या मातीच्या मुलखात मध्यम राखाडी शोभतो. जांभ्याच्या तांबड्या धुळीच्या कोकणात तपकिरीकडे झुकणारा अधिक टिकतो. ओट्यामागे टाइलच्याच रंगाचा, पण एक छटा गडद ग्राउट घ्यावा. न्हाणीघरात याच्या उलट्या टोकाला जाऊन काळा ग्राउट भरू नये; कारण बोअरिंगच्या जड पाण्याचे क्षार आणि साबणाची साय काळ्यावर पांढरी उठून दिसतात. ओला ग्राउट गडद दिसतो आणि वाळल्यावर फिका पडतो. म्हणून टाइलच्या दोन तुकड्यांमध्ये थोडा भरून, वाळू देऊन मगच ठरवावे. कालवताना पाणी जास्त झाले तर वाळल्यावर पांढुरके ठिपके उमटतात, तेव्हा तेथे मिस्त्रीवर लक्ष असावे. (हे मी वडिलांच्या परवानगीनेच लिहितो आहे.) ज्यांना पांढराच हवा आणि खर्च झेपतो, त्यांनी इपॉक्सी ग्राउट घ्यावा. तो सहसा डाग पीत नाही; पण लवकर घट्ट होतो, म्हणून भरणारा हात सरावाचा लागतो.

भिंतीच्या रंगाबाबत तर आपण उलटाच क्रम धरतो. आधी भिंतीचा रंग पक्का करतो आणि मग त्याला जुळणारी टाइल शोधत फिरतो. वस्तुतः टाइल वीस-पंचवीस वर्षे हलत नाही. रंग पाच-सहा वर्षांत पुन्हा द्यावाच लागतो. शिवाय दुकानातले यंत्र रंगाच्या हव्या तितक्या छटा मिसळून देते, टाइलच्या छटा मोजक्याच असतात. तेव्हा टाइल आधी, ग्राउट नंतर आणि भिंतीचा रंग सर्वांत शेवटी. तोही दुकानातल्या ट्यूबलाइटखाली निवडू नये. दोन फुटांचा चौकोन घरातल्या भिंतीवर, टाइलच्या शेजारीच रंगवून सकाळच्या उन्हात आणि रात्रीच्या दिव्यात पाहावा. पिवळसर टाइलशेजारी निळसर पांढरा रंग दिला तर नवीकोरी टाइलही कळकट दिसते. मग घरातली माणसे टाइलला, नाहीतर ती पुसणारीला, नावे ठेवतात.

यावर कोणी म्हणेल की पांढऱ्यावर मळ दिसतो हाच त्याचा गुण. दिसला तर काढला जाईल. ही गोष्ट टाइलला लागू आहे, कारण तिच्यावरचा मळ निघतो. जो डाग आत मुरला आणि निघणारच नाही, तो दाखवत राहण्यात स्वच्छता कसली? ती तर पुसणारीला दिलेली रोजची बोलणी झाली. दुसरे कोणी म्हणेल, पांढऱ्या टाइलला काळी रेघ किती उठावदार दिसते! दिसते खरी, पण ती रेघ केसभर वाकडी गेली तरी तीही तितकीच उठून दिसते आणि आपल्याकडच्या किती भिंती ओळंब्यात असतात हे आम्हाला विचारा. तिसरा आक्षेप मला अधिक महत्त्वाचा वाटतो. पुसणारीलाच विचारा असे म्हणताना पुसण्याचे काम बाईचेच, असे मी गृहीत धरतो का? नाही. ते काम वाटून घेतले गेलेच पाहिजे. पण ते वाटले जाईपर्यंत निवडीचा अधिकार एकाकडे आणि घासणे दुसऱ्याकडे, ही वाटणी तरी थांबावी.

आपल्यापैकी अनेकांची घरे आज ना उद्या बांधली जातील. प्राध्यापकवर्गापैकी काहींची बांधून होत असतील. त्यांना माझी विनंती एवढीच की ग्राउटची पिशवी फोडण्यापूर्वी ही भिंत रोज कोण पुसणार हे घरात विचारावे आणि रंग त्या माणसाला ठरवू द्यावा. एवढे होऊनही ज्यांना पांढराच हवा असेल, त्यांनी तो खुशाल भरावा. मात्र पहिली दोन वर्षे घासायचा ब्रश स्वतःच्या हाती ठेवावा.