ज्याचे डोके, त्याची टोपी

दिवाळीचा फराळ संपत आला की विणकामाच्या सुया बाहेर निघतात. स्वेटरला महिना लागतो, टोपी दोन-तीन दुपारींत होते, म्हणून सुरुवात बहुधा टोपीपासूनच. अंदाजाने टाके घातले जातात आणि मग ती बाळाच्या डोळ्यांवर तरी उतरते, नाहीतर आजोबांच्या कपाळावर वळ तरी उठवते. घरच्यांना हौस नाही म्हणून विणणारी रुसते ती वेगळीच!

कपाळावरून, कानांच्या किंचित वरून टेप फिरवायला अर्धा मिनिट पुरतो. पूर्ण दिवसांच्या नवजात बाळाच्या डोक्याचा घेर साधारण ३४-३५ सेंमी असतो. वर्षभरात तो ४६ च्या आसपास जातो. मोठ्या माणसाचा बहुधा ५४ ते ५८. म्हणजे बारशाचे टोपडे पहिल्या वाढदिवसाला चढणारच नाही. वीण ताणते, म्हणून टोपी घेरापेक्षा दोन-तीन सेंमी कमीच ठेवावी.

आधी नमुन्याचा चौकोन विणून टाके मोजावेत, कारण प्रत्येकीचा हात वेगळा. बारीक लोकरीत, १० नंबरच्या सुयांवर १० सेंमीत २८ टाके बसले, तर ३२ सेंमीच्या टोपड्याला ९० टाके आणि शिवणीसाठी २ जादा घालावेत. ३ सेंमी एक सुलट, एक उलट अशी बॉर्डर करावी. पुढे एक ओळ सुलट, एक उलट असे विणत एकूण उंची ९ सेंमी करावी. मग कडेचा एकेक टाका सोडून ‘८ सुलट, २ एकत्र’ असे ९ वेळा करावे. पुढच्या सुलट ओळीत ७ सुलट, २ एकत्र, त्यापुढच्या ओळीत ६. मधल्या ओळी नुसत्या उलट. शेवटी ११ टाके उरले की त्यांतून लोकर ओवून घट्ट ओढावी आणि मागे शिवण घालावी.

नवजात बाळाच्या लांबीचा जवळजवळ चौथा भाग डोक्याचा असतो. तिथून ऊब भराभर जाते. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून ठेवण्याची ‘कांगारू’ पद्धत १९७० च्या दशकाअखेर कोलंबियातील बोगोटा येथे सुरू झाली. तिच्यात बाळाच्या अंगावर लंगोट असतो आणि डोक्यावर टोपडे. मात्र निरोगी बाळाला घरात झोपवताना टोपडे काढावे. अंग जास्त तापले तर जादा उष्णता निघून जायलाही तीच जागा लागते, शिवाय झोपेत ते नाकावर सरकू शकते. नाडी, मणी, गोंडा हे बाळाच्या टोपड्याला नकोतच, कितीही गोजिरे दिसले तरी.

मोठ्यांची अर्धी ऊब डोक्यातून जाते ही समजूत मात्र खरी नाही. ती साधारण दशांशाच्या आसपास असते. पण गारठा झोंबतो तो कानांना, म्हणून आजोबांना माकडटोपीच लागते. या टोपीचे इंग्रजी नाव बालाक्लावा, क्रिमियातल्या गावावरून पडलेले. १८५४ मध्ये इंग्रज सैनिक तिथल्या थंडीत कुडकुडत होते. पहाटे फिरायला जाणाऱ्या आजोबांच्या टोपीत कानांवरचा भाग मात्र बारीक लोकरीने, सैल विणावा. जाड विणीतून मागून येणाऱ्या स्कूटरचा हॉर्न नीट ऐकू येत नाही.