कळमनुरीस मांडव केव्हा पडणार?

समलिंगी स्त्रीपुरुषांचे साहित्यसंमेलन कळमनुरीस भरावे, अशी सूचना आम्ही आज या स्तंभातून करणार आहोत. हे वाक्य वाचून आमचे काही वाचक हसतील, काही संतापतील, आणि काही सद्गृहस्थ आजचा अंक घरातील मुलांच्या हाती पडू नये अशी तजवीज करतील. हसणाऱ्यांविषयी आमची काही तक्रार नाही. संतापणाऱ्यांशी मात्र आम्हांस दोन शब्द बोलावयाचे आहेत. आणि ज्या मुलांपासून हा अंक लपविला जाईल, त्यांच्यापैकी एखाद्यासाठीच तर हा सारा खटाटोप आहे.

अशी संमेलने आता नवी राहिलेली नाहीत. चेन्नईस २०१८ साली असा साहित्यमेळा प्रथम भरला आणि त्यात इंग्रजीच्या जोडीस तमिळला मानाचे आसन मिळाले. दिल्लीत डिसेंबर २०१९ मध्ये तसाच मेळा भरला. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ साली ‘समपथिक’ ही संस्था स्थापून या विषयावर मराठीत पुस्तकांमागून पुस्तके लिहिली, ‘पार्टनर’ सारखी कादंबरी दिली आणि या समाजाच्या लेखकांना मराठी व्यासपीठ मिळावे म्हणून स्वतः खपून प्रयत्न केले. अशा मेळ्यांत कविता व कथा वाचल्या जातात, वाद झडतात, आणि एका बाजूच्या खोलीत पंधरावीस जण वह्या घेऊन बसतात व लिहावयास शिकतात. आम्हांस व्यासपीठावरील भाषणांपेक्षा त्या खोलीचे महत्त्व अधिक वाटते. परंतु ही खोली आजवर चेन्नईत, दिल्लीत किंवा पुण्यातच उघडली. हिंगोलीहून नांदेडकडे जाणाऱ्या रस्त्यावर, हळद, कापूस आणि सोयाबीनच्या शिवारांत वसलेल्या कळमनुरीसारख्या तालुक्याच्या गावाला ती ठाऊकही नाही. तेथे रेल्वे नाही. एस.टी. आहे, आणि तिच्यात बसून ज्याला पुणे किंवा मुंबई गाठता येते तो गाठतो व परत येताना अर्धा माणूस मागे ठेवून येतो.

‘कळमनुरीस असले लोक आहेत तरी किती?’ असा प्रश्न आम्हांस लगेच विचारला जाईल. हा प्रश्न देशाच्या सर्वोच्च न्यायालयानेही एकदा विचारला होता. दिल्ली उच्च न्यायालयाने २ जुलै २००९ रोजी दिलेला मुक्ततेचा निर्णय ११ डिसेंबर २०१३ रोजी फिरविताना सर्वोच्च न्यायालयाने जी कारणे दिली, त्यांत या लोकांची संख्या अत्यल्प आहे हेही एक होते. पुढे ६ सप्टेंबर २०१८ रोजी त्याच न्यायालयाने आपली चूक दुरुस्त केली आणि दंडसंहितेचे ३७७ वे कलम प्रौढांच्या परस्परसंमतीच्या संबंधांपुरते मोडीत काढले. हक्क माणसे मोजून वाटावयाचे नसतात, हे शहाणपण न्यायालयास यावयास पाच वर्षे लागली. तालुक्याच्या गावाला थोडा अधिक वेळ लागला तर आम्ही त्याला दोष देणार नाही. शिवाय कळमनुरीत अशी माणसे किती आहेत हे कोणी सांगावे? तेथे तसे कोणी बोलतच नाही, आणि जो बोलत नाही त्याची शिरगणती होत नाही.

‘हे पाश्चात्त्यांचे खूळ आहे’ हा दुसरा आक्षेप. या बाबतीत इतिहास मोठा विनोदी आहे. ते कलमच मुळी १८६० च्या इंग्रजी दंडसंहितेने आमच्या गळ्यात बांधलेले! खुद्द इंग्लंडने १९६७ साली आपल्या घरचा तसा कायदा सैल केला आणि आम्ही तो आपल्या संस्कृतीचा अलंकार समजून पुढे अर्धशतकाहून अधिक काळ मिरवीत राहिलो. परक्याची उतरलेली वस्त्रे पूर्वजांचा वारसा म्हणून जपण्याचा हा प्रकार आहे.

आणि मराठी माणसाला हा विषय खरोखरच परका आहे काय? रघुनाथ धोंडो कर्वे यांनी जुलै १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढले आणि पुढे आपल्या मृत्यूपर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत, पदरमोड करून चालविले. त्यात वाचक आपल्या खाजगी शंका विचारीत व कर्वे त्यांना शास्त्राच्या आधारे उत्तरे देत. त्या शंकांत समलिंगी आकर्षणाच्या शंकाही असत. या प्रश्नोत्तरांवरून १९३४ साली कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला भरला गेला, तेव्हा त्यांचे वकीलपत्र घेऊन मुंबईच्या उच्च न्यायालयात उभे राहिले ते बॅरिस्टर डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लोकांच्या मनात प्रश्न असतील तर त्यांना उत्तर मिळाले पाहिजे, आणि अज्ञान घालवावयाचे तर ज्ञानानेच घालवावे लागेल, असा त्यांच्या बाजूचा आशय होता. खटला हरला. कर्व्यांना दंड झाला. अस्पृश्यांच्या लढ्याचे ओझे खांद्यावर असताना बाबासाहेबांनी हा लोकप्रियता घटविणारा खटला का घेतला असेल, याचा विचार त्यांच्या जयंतीला मिरवणुका काढणाऱ्या आम्हां सर्वांना एकदा तरी करावासा वाटला पाहिजे. मराठवाड्याचे नाटककार अजित दळवी यांनी त्या खटल्यावर ‘समाजस्वास्थ्य’ हे नाटक लिहिले आणि अतुल पेठे यांनी ते २०१७ मध्ये रंगमंचावर आणले. खटल्याला तेव्हा त्र्याऐंशी वर्षे झाली होती, आणि ३७७ वे कलम अजून शाबूत होते.

आता साहित्याच्या दारी उभ्या असलेल्या विद्वानांचा आक्षेप घेऊ. ते म्हणतात, साहित्य हे साहित्य असते, त्याला स्त्रीपुरुषाचे वा समलिंगी-भिन्नलिंगीचे लेबल कशाला? वेगळी चूल कशाला? हा प्रश्न आम्ही पूर्वी ऐकला आहे. मुंबईस १९५८ साली पहिले दलित साहित्य संमेलन भरले व अण्णा भाऊ साठे यांनी त्याचे उद्घाटन केले, तेव्हा साहित्याला जात असते काय, असे याच सुरात विचारले गेले होते. सोलापुरास १९९० मध्ये मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले तेव्हाही काहींच्या कपाळावर आठ्या पडल्या. त्या वेगळ्या चुलींवर जे शिजले ते आज कोणाच्या पानात वाढलेले नाही? ज्यांना मोठ्या मांडवात पाट मिळत नाही ते दुसरा मांडव घालतात. त्यात फुटीरपणा पाहणाऱ्यांनी आपल्या मांडवातील पाट मोजून पाहावेत.

मराठी साहित्याने या माणसांकडे पाहिलेच नाही असे मात्र आम्ही म्हणणार नाही. विजय तेंडुलकरांनी ‘मित्राची गोष्ट’ १९८१ साली रंगमंचावर आणून स्त्रीवर प्रेम करणारी स्त्री मराठी प्रेक्षकांसमोर उभी केली. धैर्याचे काम होते ते. चेतन दातार यांच्या ‘एक माधवबाग’ मध्ये मुलाची डायरी वाचणाऱ्या आईने रंगमंचावर एकटीने आपले मन मोकळे केले. सचिन कुंडलकर यांच्या ‘कोबाल्ट ब्लू’ या २००६ च्या कादंबरीत भाऊ व बहीण एकाच पुरुषाच्या प्रेमात पडतात आणि पुण्यातील एक मध्यमवर्गीय घर आतून ढवळून निघते. लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांनी २०१२ मध्ये आपले आत्मकथन मराठीत दिले. तो प्रश्न तृतीयपंथीयांचा, म्हणजे थोडा निराळा आहे, आणि हे दोन प्रश्न एकच समजण्याची घाई करू नये. परंतु या यादीत तेंडुलकरांची मित्रा अखेर आत्महत्या करते हे आम्हांस विसरता येत नाही. आणि स्त्रीवर प्रेम करणाऱ्या स्त्रीने स्वतःच्या लेखणीने सांगितलेली कहाणी मराठीत शोधू लागलो तर हाताशी फारच थोडे लागते. अश्विनी सुखटणकर यांनी १९९९ मध्ये भारतीय समलिंगी स्त्रियांच्या लेखनाचा संग्रह संपादित केला तो इंग्रजीत. मराठवाड्यातील खेड्यात मैत्रिणीचे लग्न झाल्यावर जिला वर्षभर अन्न गोड लागले नाही, आणि नंतर जिचेही उरकून टाकण्यात आले, ती मुलगी इंग्रजी संग्रहात लिहीत नसते.

आम्हांस अधिक काळजी वाटते ती आणखी एका स्त्रीची. मुलाचे चित्त संसारात नाही असे दिसले की आपल्याकडे त्याचे लग्न लावून देण्याचा रामबाण उपाय योजला जातो. मुलगा गप्प राहतो. मांडव पडतो, हळद लागते, आणि कोणत्या अपराधासाठी आपल्याला ही शिक्षा झाली हे न समजलेली एक पोरगी आयुष्यभर स्वतःच्याच रूपात खोट शोधीत बसते. माहेरी सांगावे तर काय सांगावे? शब्दच नाहीत. आमच्या भाषेत या गोष्टीसाठी जे शब्द सर्वांना ठाऊक आहेत ते चावडीवरच्या शिव्यांचे. जे सभ्य आहेत ते न्यायालयाच्या निकालपत्रातले. नवराबायकोंनी, मायलेकांनी एकमेकांशी बोलताना वापरावयाचा शब्द अजून घडावयाचा आहे. तो पंडितांच्या समितीने घडत नाही. कोणीतरी आपली हकिकत लिहू लागतो, अडतो, खोडतो, पुन्हा लिहितो, आणि त्यात तो सापडतो. लेखनाच्या कार्यशाळेचे काम आम्ही समजतो ते हे. म्हणून तिला आम्ही करमणूक समजत नाही.

याच हिंगोली जिल्ह्यात नर्सी आहे. नामदेवांचे गाव. शिंप्याच्या घरचा हा मुलगा, आणि त्याच्या घरी वाढलेली गंगाखेडची जनी ही दासी. परंपरा सांगते की त्या घरातील लहानथोर सारे अभंग रचीत. दळणकांडण करणाऱ्या जनीला आपले मन बोलून दाखविण्याचा अधिकार आहे की नाही, हा वाद या मातीने सातशे वर्षांपूर्वी निकालात काढला आहे. तो पुन्हा उकरून काढावयाचा असेल तर निदान नर्सीच्या परिसरात तरी काढू नये.

दुसरीही एक आठवण मराठवाड्याला असावयास हवी. निजामी अमलात मराठीला शाळाकचेऱ्यांत वाव नव्हता. ‘गश्ती निशाण ५३’ च्या हुकुमाने सभा भरविणेही दुर्घट झाले होते. तेव्हा आमच्या वडीलधाऱ्यांनी काय केले? वाचनालये काढली, साहित्याच्या नावाने परिषदा भरविल्या, आणि उघड बोलता येत नव्हते ते पुस्तकांच्या आडून बोलावयास ते शिकले. १७ सप्टेंबर १९४८ चा दिवस उजाडण्यापूर्वी त्या वाचनालयांनी माणसांना एकत्र बसण्याची सवय लावली होती. आपल्या भाषेत आपले दुःख सांगता न येणे म्हणजे काय, हे ज्या प्रदेशाने भोगले, त्याने आपल्याच लेकरांना तीच मुस्कटदाबी सोसावयास लावू नये.

पण मांडव घालण्याची घाई करणाऱ्या शहरी उत्साही मंडळींनाही आम्हांस एक इशारा द्यावयाचा आहे. कळमनुरी म्हणजे पुणे नव्हे. येथे रंगीबेरंगी झेंड्यांची मिरवणूक काढून आपण संध्याकाळच्या गाडीने परत जाल. मागे राहणाऱ्या पोराला उद्या त्याच चौकात चहा प्यावयाचा आहे. कायदा त्याच्या बाजूस आहे, कबूल. तरी चुलता, सरपंच, दुकानाचा मालक आणि घराचा मालक हे कायद्याच्या पुस्तकाबाहेर राहतात. तेव्हा प्रारंभ लहान असावा. एखाद्या सार्वजनिक वाचनालयाची खोली, एक रविवार, दहाबारा माणसे, नांदेड-परभणीहून आलेला एखादा जाणता लेखक. सर्वांना खुले असे वाचन सकाळी, आणि दुपारी दार लोटून घेऊन लेखन. छायाचित्रे नकोत, नावांची नोंदवही नको. ज्याला स्वतःचे म्हणून लिहावयाचे नसेल त्याने दुसऱ्याचे म्हणून लिहावे. टोपणनावाची मराठीत लाज नाही. केशवसुत, गोविंदाग्रज, कुसुमाग्रज ही आमची थोर नावे टोपणनावेच आहेत. आईबापांपैकी कोणी आले तर त्यांना पुढची खुर्ची द्यावी. प्रश्न विचारावयास आलेल्या विरोधकालाही बसू द्यावे, त्याच्या हाती कागद द्यावा, आणि त्यालाही लिहावयास सांगावे.

या प्रकरणात वृत्तपत्रांचे हात स्वच्छ नाहीत, हेही येथेच कबूल केलेले बरे. पोलिसांच्या टिपणातील ‘अनैसर्गिक’ हा शब्द उचलून त्याचा ठळक मथळा करावयाचा, नाव, गाव, आडनावासह छापावयाचे, आणि दुसऱ्या दिवशी त्या घरावर काय गुदरले याची चौकशी करावयाची नाही, हा आमच्या धंद्याचा शिरस्ता आम्ही पाहिला आहे. असा मथळा एखाद्याचे गाव कायमचे सोडवितो. त्याची भरपाई अग्रलेख लिहून होत नाही.

म्हणून आमच्याकडून होण्यासारखे आम्ही सांगून ठेवतो. असे वाचन कळमनुरीस किंवा जिल्ह्यात अन्यत्र ठरले, तर त्याची सूचना आम्ही इतर साहित्यविषयक कार्यक्रमांच्या रकान्यात, त्यांच्याच टाइपात, मोफत छापू. वृत्तांतात लेखनाविषयी लिहू. कोण आले व कोणाबरोबर आले याविषयी लिहिणार नाही. आणि त्या बंद दाराआड लिहिलेली एखादी कथा वा कविता पोस्टाने आमच्याकडे आली, तर ती इतरांच्या लेखनाइतकीच कसून तपासू, चांगली नसल्यास परत पाठवू, चांगली असल्यास रविवारच्या पुरवणीत टोपणनावाने छापू. पाकिटावरचा पत्ता संपादकांच्या कपाटाबाहेर जाणार नाही.