वानरांची मूळकथा

येऊरच्या जंगलातली माकडं घोडबंदर रोडच्या सोसायट्यांत उतरतात, गॅलरीतली केळी पळवतात आणि वॉचमन काठी आपटतो. कुणाच्या अंगणात कोण घुसलं, हा वाद इथे मिटलेला नाही. ‘प्लॅनेट ऑफ द एप्स’ इथल्या माणसाला जरा जास्तच जवळची वाटावी, ती म्हणूनच.

पिएर बूल यांच्या १९६३च्या फ्रेंच कादंबरीवरून १९६८चा चित्रपट आला, १९७३पर्यंत त्याचे पाच भाग झाले. २००१मध्ये टिम बर्टनने तीच गोष्ट नव्याने सजवली. मुखवटे देखणे, बाकी आनंदीआनंद. २०११च्या ‘राइज’ने मात्र वानरराज्याचं बीज शोधलं. अल्झायमरवरच्या औषधाचे प्रयोग, त्या प्रयोगातल्या चिंपांझी मादीचं पिल्लू सीझर आणि संगणकाने चढवलेल्या कातडीआडून बोलणारे अँडी सर्किसचे डोळे. सीझर पहिल्यांदा ‘नाही’ म्हणतो, तेव्हा आपण माणसांच्या बाजूचे उरत नाही. वानरांचं बंड १९७२च्या भागातही होतं. पण त्यामागे कालप्रवासाची कसरत होती. इथे कारण माणसाच्याच प्रयोगशाळेत सापडतं.

मूळकथा सांगावी तर अशी. नायकाला पहिली टोपी कुठे मिळाली, याची चौकशी करणारे चित्रपट आम्हाला नकोत.

मराठीची अडचण वेगळीच. जयंत नारळीकरांची ‘कृष्णविवर’ मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत १९७४ साली पहिली आली. विज्ञानकथा तेव्हापासून जोमात, पण नव्याने सुरू करावी अशी विज्ञानपटांची मालिका कुठे आहे? निर्मात्यांनी आधी पहिला भाग काढावा, मूळकथेचं नंतर पाहू.