अभ्यासालाही भाकरी लागते

नाशिकच्या आपल्या वस्त्यांतील कितीतरी मुले सकाळी चहा-बिस्किटावर शाळेला जातात. बसून अभ्यास करायला कसले बळ लागते, असे आपण समजतो. ही समजूत आता सोडली पाहिजे, असे आम्हाला वाटते.

अक्षर पाहणे, शब्द ऐकणे, लक्षात ठेवणे, या प्रत्येक कामात पेशी ऊर्जा खर्च करतात. संदेश जाताना मज्जापेशीत शिरलेले सोडियम पुन्हा बाहेर काढावे लागते. मेंदूची बरीच ऊर्जा त्यातच जाते. मोठ्या माणसाचा मेंदू वजनाने शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण विश्रांतीतही सुमारे २० टक्के ऊर्जा घेतो. पाच वर्षांच्या मुलात हा वाटा निम्म्याहून अधिक असतो. रात्री झोपेतही हा खर्च चालूच राहतो.

ऊर्जा तयार करायला पेशीला लोह लागते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील १०० पैकी सुमारे ६९ बालकांत रक्तक्षय आढळला.

म्हणून मुलगा-मुलगी भेद न करता बाजरीची भाकरी, मटकीची उसळ, वर लिंबू द्या. जेवणासोबत चहा नको. त्याने लोह कमी शोषले जाते. आणि विहारातील अभ्यासिकेत पुस्तकांच्या कपाटाशेजारी फुटाणे-शेंगदाण्यांचा डबाही आपण वर्गणीतून ठेवू या.