ऊस आपला, तोड त्यांची

उसाला तुरा आला, वजन घटतंय, तरी कारखान्याची तोड येत नाही, ही आमच्या बचत गटातल्या बायकांची दर हंगामाची तक्रार. दुसरीकडे ऊस घाला म्हणणं सोपं. पण जवळ दुसरा कारखाना हवा ना! महाराष्ट्रानं दोन कारखान्यांत २५ किलोमीटर अंतर सक्तीचं केलं. अशी अट काढा, असं रंगराजन समितीनं २०१२ सालीच सांगितलं.

२००२ च्या स्पर्धा कायद्यानं ‘माझ्याकडूनच घ्या’ ही खरेदीदारावरची बंधनं तपासायची ठरवली. ‘मलाच विका’ हे बंधन २०२३ च्या दुरुस्तीनं त्यात आलं, म्हणजे शेतकरीणही आली. तरी असा करार सरसकट बेकायदा नाही. स्पर्धेला लक्षणीय बाधा येते, हे दाखवावं लागतं. आणि अंतराची अट तर सरकारी, तो करारच नव्हे! मला वाटतं, आधी तीच जायला हवी.